शाळेच्या समितीवर दोन वर्षं

मार्चचे शेवटचे दिवस होते. दुपारी मी पोळ्या करत होते, तेवढ्यात शाळेत मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या मावशी रजिस्टर घेऊन दारात आल्या. "वहिनी, इथं एक सही द्या. बाईंनी मागितली आहे." मी पिठाचा हात पुसला, त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली, मावशींना पाणी दिलं आणि विसरून गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलगी दुसरीत गेली होती. रोज मधल्या सुट्टीत ती धापा टाकत घरी यायची, थेट न्हाणीघराकडे पळायची आणि तशीच परत जायची. शाळेत का नाही जात, असं विचारलं तर म्हणाली, "तिथं दारच नाही. नळाला पाणी पण नाही. आम्ही सगळ्या जणी शाळेत पाणीच पीत नाही."

मी तडक शाळेत गेले. प्रधानपाठिका बाईंनी काही न बोलता रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. मार्चच्या पानावर हिंदीत लिहिलं होतं की मुलींच्या शौचालयाची दुरुस्ती पूर्ण झाली असून शाला प्रबंधन समितीच्या सदस्यांनी काम पाहून समाधान व्यक्त केलं आहे. खाली नऊ सह्या आणि चार अंगठे. पाचवी सही माझी होती.

मी वर्षभरापासून समितीची सदस्य आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी "तुम्ही शिकलेल्या आहात, नाव घालते" असं बाई म्हणाल्या होत्या, आणि मी मान हलवली होती. बाईंवर चिडायला मी गेले होते, पण त्यांनीच मला गप्प केलं. ३१ मार्चच्या आत बिल लागलं नसतं तर पैसे परत गेले असते. मिस्त्रीनं फरशी बसवली, दार नंतर लावतो म्हणाला आणि गेला. "मी दर वेळी बैठक बोलावते. कोण येतं, सांगा बरं?" खरंच होतं. मी एकदाही गेले नव्हते.

आपल्या मासिकाचे बरेच वाचक तरुण आई-बाबा आहेत. बहुतेकांची मुलं खासगी शाळेत जातात. 'सरकारी शाळेची समिती' हा विषय तुम्हाला लांबचा वाटेल. मलाही वाटायचा. तरीही नंतरच्या दोन वर्षांत जे कळलं ते सांगावंसं वाटतं, कारण निवडून येऊन गावचं काही काम करण्याची इतकी सोपी आणि इतकी दुर्लक्षित जागा मला दुसरी दिसली नाही.

समिती म्हणजे नेमकं काय

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्याला त्यातली खासगी शाळांमधली २५ टक्के जागांची सोडत तेवढी माहीत असते. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळेच्या समितीची तरतूद आहे. माझं माहेर रावेरचं. तिथे तिला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात, इथे बुरहानपुरात शाला प्रबंधन समिती. नाव वेगळं, कायदा एकच.

समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. बाकीचे म्हणजे शिक्षक आणि स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, म्हणजे शहरात पार्षद, गावात पंच. अध्यक्ष पालकांमधूनच होतो. प्रधानपाठक सचिव असतात, अध्यक्ष नाही.

कामं चार: शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं, मिळालेलं अनुदान कुठे खर्च होतं ते पाहणं, आणि सरकार ठरवील ती इतर कामं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत दर दोन वर्षांनी समिती नव्यानं करावी, महिन्यातून एकदा तरी बैठक घ्यावी आणि बैठकीचं इतिवृत्त लोकांना पाहायला खुलं असावं असं म्हटलं आहे. राज्यांनी आपापले नियम केले, तपशिलात थोडाफार फरक आहे, पण गाभा हाच.

मध्य प्रदेशाला हे अगदी नवं नव्हतं. १ जानेवारी १९९७ ला इथे शिक्षण हमी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि आदिवासी भागात २५, इतरत्र ४० मुलं आहेत, तिथल्या लोकांनी मागणी केली की ९० दिवसांत शाळा द्यायची, असं सरकारनं कबूल केलं होतं. पुढे २००२ च्या जन शिक्षा अधिनियमानं शाळाशाळांतल्या पालक-शिक्षक संघांना कायद्यात जागा दिली.

आणि आपल्या लोकांची परंपरा तर त्याहून जुनी. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मांडलेल्या विधेयकात शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांच्या हाती द्यायचा होता. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. आपलं बुरहानपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं. या प्रांतात १९२० साली आणि मुंबई इलाख्यात १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले, आणि शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे येऊ लागला.

परदेशात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना 'स्कूल बोर्ड' म्हटलं की लगेच कळतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी त्याची रीतसर निवडणूक होते, बोर्ड अंदाजपत्रक ठरवतं, मुख्य अधिकारी नेमतं. लंडनमध्ये १८७० साली पहिलं स्कूल बोर्ड निवडलं गेलं तेव्हा त्यावर दोन स्त्रियाही निवडून आल्या होत्या. त्या काळी तिथल्या स्त्रियांना पार्लमेंटसाठी मतही देता येत नव्हतं. आपल्या समितीला इतके अधिकार नाहीत. आम्ही शिक्षक नेमू शकत नाही, बदलू शकत नाही. पण जे आहे, तेही आपण वापरत नाही.

हात वर करून निवडणूक

त्याच वर्षी समितीची मुदत संपत होती. या वेळी रीतसर निवड करू, असं मी बाईंना म्हणाले. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या.

आमची शाळा मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी, पट ४३. पहिल्या बैठकीला अकरा पालक आले. एवढ्यांवर निवड करायची नाही असं ठरवून आम्ही तिघी-चौघी घरोघर फिरलो. तेव्हा कळलं की लोक येत नाहीत ते आळसानं नाही. केळीचे ट्रक भरणारे काका म्हणाले, "दुपारी दोनला बैठक ठेवता, त्याच वेळी गाडी लागते. माझी मजुरी कोण देणार?" पॉवरलूमवर जाणाऱ्यांची पाळी सुरू असते. बाई रोज खंडव्याहून रेल्वेनं अप-डाऊन करतात, त्यांना संध्याकाळी थांबता येत नाही. शेवटी शाळा भरण्याआधी सकाळी साडेनऊची वेळ काढली. पुढच्या बैठकीला सत्तावीस जण आले.

हात वर करून निवड झाली. मी सदस्य झाले. अध्यक्ष म्हणून कुणी तरी माझंच नाव घेतलं, पण मागून आवाज आला की यांना बोलता येतं म्हणून सगळं यांनाच कशाला. मग घरी कांड्या भरण्याचं काम करणाऱ्या एक ताई उभ्या राहिल्या. त्यांना सहीपुरतं लिहिता येतं. त्या अध्यक्ष झाल्या. मला मनातून वाटलं, आता हिचं आणि माझं दोघींचं काम मलाच करावं लागणार.

तसं झालं नाही. प्रत्येक ठराव आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा नियम ताईंनी पहिल्याच बैठकीत घातला, कारण त्यांना स्वतः वाचता येत नव्हतं. मी वाचायची आणि त्या प्रत्येक ओळीला विचारायच्या, "म्हणजे काय?" 'विविध साहित्य खरेदी' म्हणजे काय? 'किरकोळ दुरुस्ती' म्हणजे काय? मला त्या शब्दांचा अर्थ कळतो असं मी समजत होते. त्यांनी विचारल्यावर मला तो सांगता येईना.

दार, कडी आणि नळ

पैसे कुठून येतात हे आधी समजून घेतलं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी अनुदान मिळतं आणि ते पटसंख्येवर ठरतं. आमच्याएवढ्या शाळेला २५ हजार, हजारावर पट असलेल्या शाळेला १ लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. खडू, रजिस्टरं, वीजबिल, नकाशे, दुरुस्ती, सगळं यातूनच. म्हणजे पैसा फार नाही, पण एक दार लावण्याइतका नक्की आहे.

कायद्याच्या अनुसूचीत मुला-मुलींसाठी वेगळी शौचालयं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी लिहिलेलं आहे. त्याच्याच शेजारी शिक्षकांचा हिशोब आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे. ते एक पान मी झेरॉक्स काढून ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी घालून ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवलं.

मग मिस्त्रीला बोलावलं. ताईंनी त्याला रजिस्टर दाखवलं आणि म्हणाल्या, "इथं लिहिलंय काम झालं. दाखव." तो दोन दिवसांत दार घेऊन आला. आतून लावायची कडी उंचावर बसवली होती, पहिलीतल्या मुलीचा हात पोचेना. ती खाली घ्यायला लावली. नळाची जोडणी मात्र अनुदानात बसली नाही. पार्षदांकडे तीन वेळा गेलो, तिसऱ्या वेळी काम झालं.

बुरहानपूरला पाण्याची केवढी मोठी परंपरा! १६१५ च्या सुमारास खोदलेला कुंडी भंडारा बघायला लोक लांबून येतात. २०२२ च्या जुलैत आपला जिल्हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. आणि त्याच गावात सात-आठ वर्षांच्या मुली दिवसभर पाणी न पिता शाळेत बसत होत्या, आणि 'समाधान' व्यक्त करणाऱ्यांत त्यांच्या आया होत्या. त्यातली एक मी. हे लिहायला आजही जड जातं.

या सगळ्यात बाईंची बाजूही कळली. रोजची हजेरी, जेवणाची माहिती, मुलांचे समग्र आयडी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यांच्या एकट्याच्या मोबाईलवर. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत असं कायद्याचं कलम २७ सांगतं. पण ते सांगणार कोण? समितीनं पहिल्यांदा तसा ठराव लिहून संकुल केंद्राकडे पाठवला. फार फरक पडला नाही, पण बाई आमच्याशी मोकळेपणानं बोलू लागल्या. तोपर्यंत त्यांना वाटायचं समिती म्हणजे तपासणी. नंतर त्या स्वतःच म्हणायच्या, "हे समितीतून लिहा, माझ्या नावानं चालणार नाही."

मराठीचे शिक्षक

दार लागलं, पण दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही. आमच्या शाळेत दोन शिक्षक. त्यातले मराठीचे गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अतिथी शिक्षक आले. माणूस कष्टाळू, पण त्यांना मराठी येत नाही. पहिलीतली मुलं मराठी पुस्तक उघडून हिंदीत शिकत होती. 'ळ' लिहायला कुणी शिकवेना.

याविषयी आपला हक्क काय, हे बहुतेक मराठी कुटुंबांना ठाऊक नसतं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०(क) आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं ते राज्यांना सांगतं. त्याआधी १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं की एखाद्या शाळेत त्या भाषेची ४० किंवा एका वर्गात १० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. शिक्षण हक्क कायदाही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असंच म्हणतो.

म्हणजे ४० हा आमच्यासाठी नुसता आकडा नव्हता. पट ४३ होता. पाचवीतली नऊ मुलं त्या वर्षी बाहेर पडणार होती. पहिलीत नवी मुलं आली नाहीत तर मराठी शिक्षक मागायला आमच्या हातात काही उरणार नव्हतं.

आम्ही अर्ज लिहिला. कलम, ४० मुलांचा निकष, रिकामी जागा, मुलांची यादी, सगळं घातलं. अध्यक्ष ताईंनी सही केली आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही म्हणून तासभर बाकावर बसून राहिल्या. तो पोचेचा शिक्का आजही समितीच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. एप्रिलमध्ये 'स्कूल चलें हम' मोहिमेच्या दिवसांत आम्ही घरोघर फिरलो. आठ मुलं मिळाली. पट ४२ झाला. त्या सत्रात मराठी जाणणारे अतिथी शिक्षक मिळाले. कायमची जागा अजून रिकामीच आहे.

फिरताना एका घरी मला सरळ प्रश्न आला. "वहिनी, तुमचा मुलगा कुठे आहे?" माझा धाकटा तेव्हा खासगी शाळेत के.जी.त होता. मी काहीतरी उत्तर दिलं आणि पुढच्या घरी गेले. घरी यावर बरीच चर्चा झाली. यांचं म्हणणं, मुलगी शिकते आहे तेवढं पुरे, मुलाला इंग्रजी लागेल. सासूबाई याच शाळेत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "इंग्रजी सहावीत पण येतं. मराठी सहावीत येत नाही." वाद तिथेच थांबला असं नाही, पण यंदा जूनमध्ये धाकटा पहिलीत याच शाळेत जाणार आहे. निर्णय बरोबर की चूक, ते काही वर्षांनी कळेल.

तुम्हाला काय करता येईल

माझी मुदत संपली, नवी समिती निवडली गेली. ताई पुन्हा अध्यक्ष आहेत. मी या वेळी उभी राहिले नाही, कारण दोनच वर्षांत लोक "वहिनी बघतील" म्हणायला लागले होते.

तुमचं मूल सरकारी शाळेत असेल तर समितीच्या निवडीची तारीख विचारा आणि त्या दिवशी जा. उभं राहायला शिक्षणाची अट नाही, पैसे लागत नाहीत, पॅनल लागत नाही. आधीपासून सदस्य असाल तर मागच्या वर्षाचं रजिस्टर मागून वाचा. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि जे काम लिहिलंय ते जाऊन बघा. शाळेचा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी व्हायला हवा असं केंद्राच्या नियमांत आहे. म्हणून दिवाळीनंतर त्याची आठवण करून द्या. मार्चमध्ये फक्त बिलं येतात.

मूल खासगी शाळेत असेल, किंवा अजून मूलच नसेल, तरी मार्ग आहे. पालक सोडून ज्या थोड्या जागा असतात, त्यात स्थानिक शिक्षणप्रेमी व्यक्तीलाही जागा देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. तेही नको असेल तर नुसती मदत करा. प्रत्येक शाळेला युडायसचा अकरा आकडी क्रमांक असतो. त्यावरून शाळेनं भरलेली माहिती इंटरनेटवर बघता येते: वर्ग किती, शिक्षक किती, शौचालय चालू की बंद. ती माहिती काढून समितीच्या पालकांना वाचून दाखवणं हे तुमच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे. दिवसभर कांड्या भरणाऱ्या बाईसाठी ते नाही. हिशोब लिहायला, अर्ज टाइप करायला, कलम शोधून द्यायला माणूस लागतो. आपल्या मंडळातली तरुण मुलं दरवर्षी गणेशोत्सवाचा हिशोब पै-पैनं लिहितात. शाळेचा त्याहून अवघड नसतो.

परवा मावशी बाजारात भेटल्या. म्हटलं, आता रजिस्टर घेऊन येत नाही तुम्ही. त्या म्हणाल्या, "कुठं! अध्यक्ष ताईंनी ते शाळेबाहेर न्यायचं बंद केलंय. ज्याला सही करायची त्यानं साडेनऊला यावं म्हणतात." मग पिशवी सावरत म्हणाल्या, "परवा मलाही बसवून घेतलं होतं. मी म्हटलं मला काय कळतं त्यातलं, तर म्हणाल्या, जेवणाचा हिशोब तुमच्याइतका कुणाला कळतो?"